रानभेंडीचं देणं

भेंडीच्या पानाच्या शिरा आधी पिवळ्या पडतात. मग ते पिवळं जाळं दाट होत जातं, नवी पानं पिवळीधमक निघतात आणि फळं फिकट, राठ, वाकडी येऊ लागतात. शेतकरी या रोगाला हळद्या म्हणतात. त्याची पहिली शास्त्रीय नोंद 1924 साली जी. एस. कुलकर्णी यांनी केली, आणि ती आपल्याच मुंबई इलाख्यातली होती. 1940 साली उप्पल, वर्मा आणि कपूर या संशोधकांनी या रोगाला त्याचं आजचं शास्त्रीय नाव दिलं. हा विषाणू पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते, हेही पुढे पक्कं झालं. वसई तालुक्यातल्या वटारमध्ये घरामागच्या वाफ्यात भेंडी टोकणारा माणूस बियाण्याच्या पाकिटावर ‘रोगप्रतिकारक’ असं वाचतो, तेव्हा त्या एका शब्दामागे शंभर वर्षांची झुंज उभी असते. हा शब्द नेमकी कशाची हमी देतो, ती कुठे लागू पडते आणि किती दिवस टिकते, याचा विचार बी मातीत पडण्याआधी व्हायला हवा.

वटार, नाळे, वाघोली, निर्मळ, भुईगाव, गास हा वसईचा पश्चिम पट्टा पिढ्यान्‌पिढ्या बागायतीवर जगला. समुद्राकाठची रेतीमिश्रित जमीन, गोड्या पाण्याच्या विहिरी, पावसाचं पाणी धरून ठेवणारी बावखलं आणि रहाट यांच्या आधाराने इथल्या वाड्या उभ्या राहिल्या. ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटिअरमध्ये वसईच्या केळी, ऊस आणि पानवेलीच्या बागायतीचं वर्णन आहे. इथल्या बायका फुलं, भाजी, केळी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जात आल्या आहेत. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि ती नको म्हणून लढा देणाऱ्या 29 गावांत वटारही होतं. तो लढा करांइतकाच वाड्या राखण्यासाठीही होता. तरी वाटण्या होत गेल्या, रस्ते आले, बंगले आणि इमारती आल्या. आज कित्येक घरांकडे उरलं आहे ते मागचं परस, एखाद-दोन गुंठ्यांचं.

या परसाचं गणित शेताहून वेगळं असतं. एकरभर वांग्यातली शंभर झाडं गेली तरी हंगाम निभावतो. परसात वांग्याची झाडं सहा. त्यातली चार मर रोगाने बसली की त्या वर्षीचं वांगं संपलं. शेतकरी पिकांची फेरपालट करू शकतो, म्हणजे या शेतातली वांगी पुढच्या वर्षी त्या शेतात. परसात इकडून तिकडे म्हणजे चार पावलं, आणि मातीतला जंतू पाटाच्या पाण्याबरोबर तेवढं अंतर सहज जातो. औषध मारायचं तर खिडकी जवळ, विहीर जवळ, अंगणात पोरं. शिवाय मर किंवा हळद्या एकदा झाडात शिरला की त्यावर फवारणीचा उतारा नाही. म्हणून लहान बागेत सगळी मदार शेवटी वाणाच्या निवडीवर येते. ही निवड विचारपूर्वक करावी असं मी आग्रहाने म्हणतो ते यासाठीच.

भेंडीच्या वाणांची कहाणी या बाबतीत फार शिकवून जाते. 1960 च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग यांच्या प्रयत्नांतून ‘पुसा सावनी’ हा वाण तयार झाला. त्याचा एक पूर्वज म्हणजे बंगालमधली एक भेंडी. त्या भेंडीत विषाणू शिरला तरी झाड लक्षणं दाखवत नसे. ‘पुसा सावनी’ देशभर पसरली आणि काही वर्षं लोकांनी निर्धास्तपणे भेंडी खाल्ली. मग हळद्या तिच्यावरही दिसू लागला, आणि शेवटी तीच भेंडी इतर वाणांशी तुलना करताना ‘रोगाला बळी पडणारी’ म्हणून लावली जाऊ लागली.

त्यानंतरचं पाऊल महाराष्ट्रात पडलं. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी भेंडीचा संकर तिच्या एका भावकीतल्या जातीशी केला. शास्त्रात तिला ‘अबेलमॉस्कस मॅनिहॉट’ म्हणतात. अशा दोन जातींच्या संकरातून निघणाऱ्या झाडांत वांझपण फार असतं. फळ धरलं तर बी भरत नाही, बी भरलं तर रुजत नाही. अशा झाडांतून पुन्हा पुन्हा ‘पुसा सावनी’शी संकर करत, भेंडीची चव आणि आकार परत आणत, पण त्या भावकीचा प्रतिकार मात्र हातातून निसटू न देता त्यांनी जो वाण बांधला तो ‘परभणी क्रांती’. 1985 मध्ये तो प्रसारित झाला आणि पुढच्या वर्षी त्याची माहिती ‘हॉर्टसायन्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आली. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने याच वाटेने ‘अर्का अनामिका’ आणि ‘अर्का अभय’ हे वाण काढले. त्यांना प्रतिकार मिळाला तो ‘टेट्राफायलस’ या रानभेंडीकडून. ही रानभेंडी आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर आपसूक उगवते. पिवळी फुलं, बारीक लव, पाच शिरांचं आखूड, राठ बोंड. कुणी तिला भाजीत घेत नाही. पण गेली कित्येक वर्षं बाजारातल्या भेंडीला तिनेच तारलं आहे.

या वाणांचाही प्रतिकार अनेक भागांत सैल पडत गेला. यात वाण काढणाऱ्यांचा दोष नाही. निसर्गाची रीतच तशी आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात एच. एच. फ्लोर यांनी 1940 च्या दशकात जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास केला. जवसातल्या प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकासमोर तांबेऱ्यातही त्याचं एक जोडीदार जनुक असतं, हे त्यांनी दाखवून दिलं. झाडाचं जनुक हे कुलूप असेल तर रोगाकडे किल्ली घडवण्याची सोय असते. एकच कुलूप लाखो एकरांवर लावलं की ती किल्ली घडण्याची शक्यता वाढत जाते. भेंडीच्या हळद्यात तर मूळ विषाणूबरोबर डीएनएचा एक छोटा सोबती तुकडा असतो. विषाणू एकटा असला तर रोग सौम्य राहतो, सोबत्यासह आला की पानं पिवळी होतात. असे विषाणू एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात आणि नवी रूपं घेतात. त्यांना थोपवणारी एकच एक भिंत कायम उभी राहील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

दक्षिण आफ्रिकेचे वनस्पतिरोगतज्ज्ञ व्हान डर प्लांक यांनी 1963 च्या आपल्या ग्रंथात या गोष्टीचा फार खोल विचार केला. प्रतिकार दोन प्रकारचा असतो, असं ते सांगतात. एक ठाम: रोगाच्या काही प्रकारांना पूर्ण अडवतो, पण नवा प्रकार आला की एका हंगामात कोसळतो. दुसरा मंद: रोग येऊ देतो, पण त्याची चाल धीमी करतो. पानावर डाग कमी पडतात, ते सावकाश वाढतात, झाड उशिरा थकतं आणि तोवर फळं देऊन मोकळं होतं. पहिल्या प्रकाराचं तेज डोळ्यात भरतं, म्हणून संशोधन त्याच्यामागे धावतं. त्या धावपळीत दुसरा प्रकार नकळत गळून जातो. बटाट्याच्या ‘व्हर्टिफोलिया’ या वाणाचं असंच झालं. त्याचा ठाम प्रतिकार मोडल्यावर तो जुन्या साध्या वाणांपेक्षाही लवकर करप्याला बळी पडला, आणि या घसरणीला व्हान डर प्लांक यांनी त्या वाणाचंच नाव दिलं. परसात भाजी लावणाऱ्यानेही हे लक्षात ठेवायला हवं. जे झाड थोडा रोग सोसून फळं देतं, तेही प्रतिकारकच असतं. एखाद्या पानावर डाग दिसला की झाड उपटून टाकायची घाई बाजारासाठी पिकवणाऱ्याला करावी लागते. घरच्या ताटासाठी पिकवणाऱ्यावर तशी सक्ती नाही.

दुसरी गोष्ट जागेची. वाणाचा प्रतिकार आणि त्या जागेची हवा-माती यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो. टोमॅटोच्या परदेशी बियाण्याच्या पाकिटावर नावापुढे काही अक्षरं असतात. त्यातलं ‘एन’ म्हणजे मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना प्रतिकार. हा गुण 1944 मध्ये कॅलिफोर्नियातले संशोधक पी. जी. स्मिथ यांनी एका रानटी टोमॅटोकडून मिळवला. भ्रूण बियात मरून जात असे, म्हणून तो बाहेर काढून वाढवला आणि त्यातून एक झाड हाती लागलं. आज जगातल्या बहुतेक सूत्रकृमी-प्रतिकारक टोमॅटोंचा प्रतिकार त्या एका झाडाकडून आलेला आहे. मात्र मातीचं तापमान 28 अंशांच्या वर गेलं की हे जनुक काम करेनासं होतं. वटारच्या रेतीमिश्रित जमिनीत मार्चपासून जूनपर्यंत माती त्याहून गरम असते. कॅलिफोर्नियाच्या मोसमात खरं ठरणारं अक्षर आपल्या उन्हाळ्यात फोल ठरतं. पाकिटावरचा शब्द खोटा नसतो, पण तो कुठल्यातरी मातीत तपासलेला असतो. ती माती आपल्यासारखी आहे का, हे आपणच पाहायचं.

म्हणून मी निवडीचा क्रम उलटा मानतो. आधी आपल्या परसातला रोग ओळखावा, मग वाण शोधावा. कोकणच्या दमट हवेत वांगं, टोमॅटो, मिरची यांचा मोठा वैरी म्हणजे जिवाणूजन्य मर. सकाळी ताजंतवानं दिसणारं झाड दुपारी मान टाकतं, पानं हिरवीच राहतात, पिवळी पडायलाही वेळ मिळत नाही, आणि दोन-तीन दिवसांत झाड उभ्याउभ्या वाळतं. त्याची खात्री घरीच करता येते. मेलेल्या झाडाचं जमिनीलगतचं खोड बोटभर कापावं आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात असं लटकवावं की कापलेलं टोक नुसतं बुडेल. जिवाणूजन्य मर असेल तर काही मिनिटांतच त्या टोकातून दुधाळ धाग्यासारखा स्राव सरळ खाली उतरू लागतो. पाणी हलवू नये, धागा तुटतो. तो दिसला की समजावं, बुरशीनाशकाचा उपयोग नाही. हा जिवाणू 1896 मध्ये एर्विन स्मिथ यांनी वर्णन केलेला आहे. तो दोनशेहून अधिक वनस्पतींना जडतो आणि मातीत वर्षानुवर्षं राहतो.

हा धागा पाहिल्यावर वाणाची निवड सोपी होते. वांग्यात ‘अर्का निधी’, ‘अर्का केशव’, ‘अर्का नीलकंठ’ हे बंगळूरच्या संस्थेचे वाण या मर रोगासाठीच निवडलेले आहेत. टोमॅटोत ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पानं मुरडणारा विषाणू, मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतो. केरळ कृषी विद्यापीठाचे टोमॅटोतले ‘शक्ती’, मिरचीतली ‘उज्ज्वला’ आणि वांग्यातलं ‘सूर्या’ हे वाणही ध्यानात घ्यावेत, कारण ते मुसळधार पावसाच्या, दमट मुलुखात मर रोगाविरुद्ध निवडले गेले आहेत. दिल्लीच्या कोरड्या हवेत उत्तम ठरलेल्या वाणापेक्षा किनाऱ्याच्या दमट हवेत तावून निघालेला वाण आपल्याला जवळचा. त्याच न्यायाने वेलभाज्यांत दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे ‘कोकण तारा’ कारलं, ‘कोकण हरिता’ शिराळं, ‘कोकण श्वेता’ पडवळ यांच्याकडे आधी पाहावं. ते आपल्याच पावसात वाढलेले आहेत. पालघर जिल्ह्यातलं कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आणि पालघरचं कृषी संशोधन केंद्र ही चौकशीची जवळची ठिकाणं आहेत, आणि बंगळूरच्या संस्थेचं बियाणं ऑनलाइन मागवता येतं.

तरीही उत्तम वाण सापडला म्हणून सगळा वाफा त्याच्याच हवाली करू नये. वसईच्या जुन्या वाड्यांत केळीची एकच जात कधी नव्हती. सुकेळीसाठी राजेळी, घरच्या खाण्यासाठी वेलची, शिवाय तांबडी, भुरकेळ, बनकेळ. चवीची हौस त्यात होतीच, पण एका जातीवर रोग पडला तरी घड पूर्ण हुकत नसत, हा शहाणपणाही त्यात होता. परसातही भेंडीची बारा झाडं लावायची तर चार ‘परभणी क्रांती’ची, चार ‘अर्का अनामिका’ची आणि चार शेजारणीकडून आणलेल्या गावठी बियाण्याची लावावीत. गावठी म्हणजे रोगमुक्त, असं मात्र मानू नये. गावठी वाणांतही हळद्याला तात्काळ बळी पडणारे असतात. त्यांचं मोल चवीत आणि विविधतेत आहे. गोव्यात सांत इस्तेव्हची सात शिरांची लांब भेंडी लोक अजून जपतात, ती तिच्या चवीसाठी आणि सवयीच्या मायेसाठी. असे वाण टिकले तर उद्याच्या संशोधकाला निवडायला काहीतरी उरेल.

बियाणं राखणं हे याच्याही पुढचं काम आहे, आणि लहान बागेला ते मोठ्या शेतापेक्षा चांगलं जमतं. रॉउल रॉबिन्सन यांनी 1996 च्या ‘रिटर्न टू रेझिस्टन्स’ या पुस्तकात हौशी माणसांनीही आपापल्या जागेत मंद प्रतिकाराचे वाण घडवावेत, असं आवाहन केलं. मला ते वटारसाठी अगदी लागू वाटतं. ‘परभणी क्रांती’सारखा सरळ वाण असेल तर त्याचं बी पुढच्या वर्षी त्याच गुणांचं निघतं. संकरित वाणाचं बी तसं राहत नाही, म्हणून ते राखण्यात अर्थ नाही. बारा झाडांत जे उशिरापर्यंत हिरवं राहिलं, ज्याच्या फळांची चव घरात सगळ्यांना आवडली, ते झाड हेरून ठेवावं. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. म्हणून आदल्या संध्याकाळी कळीवर कागदाची छोटी पिशवी बांधावी, म्हणजे मधमाशी दुसऱ्या झाडाचे परागकण आणत नाही. फूल गळाल्यावर पिशवी काढावी, त्या बोंडाला दोरा बांधून खूण करावी आणि ते झाडावरच वाळू द्यावं. शिरांवर फट पडू लागली की तोडावं. बी सावलीत सुकवून राखेत घोळून बाटलीत ठेवावं. अशी चार बोंडं पुढच्या वर्षीच्या वाफ्याला पुरून उरतात. पिवळी पडलेली झाडं मात्र दिसताक्षणी उपटून जाळावीत. त्यांचं बी धरू नये, आणि त्यांना बागेत पांढऱ्या माशीचं घरही होऊ देऊ नये.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. कुंपणालगतचं तण रोगाला आश्रय देतं हे खरं, आणि वाणांना वाचवणारे गुण कुंपणापलीकडच्या रानटी झाडांकडूनच येतात हेही खरं. वाफ्याच्या कडेचं तण काढलंच पाहिजे. पण सगळा मुलूख भुईसपाट करून, ओढे-बावखलं बुजवून, माळ आणि डोंगरउतार काँक्रीटखाली घालून आपण रानभेंडीलाही हद्दपार करतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी जगभर फिरून पिकांच्या मूळ मुलुखांतून बियाणी गोळा केली, कारण पिकांची खरी ताकद त्यांच्या रानटी भावकीत आहे हे त्यांनी ओळखलं होतं. वाविलोव 1943 मध्ये साराटोवच्या तुरुंगात मरण पावले. त्यांनी जमवलेल्या बियाण्यांवर आजही संशोधन चालतं. बियाणं पेढीत ठेवलं तर टिकतं, पण पेढीत ते बदलत नाही, आणि रोग तर रोज बदलतो. रोगाबरोबर बदलत जाणारं झाड फक्त मोकळ्या जमिनीवरच जगू शकतं. वटारसह 29 गावांनी वाड्या राखायला केलेला लढा मला म्हणूनच अन्नाचा लढा वाटतो.

प्रतिकार ही एका वाणात कायमची साठवून ठेवलेली ठेव नाही. दर पिढीला ती निवडावी लागते, जागेशी जुळवून घ्यावी लागते, आणि तिचा उगम शाबूत ठेवावा लागतो. संशोधन केंद्रं आपलं काम करतात. परसातलं काम आपलंच आहे. वाचकांना माझी विनंती साधी आहे. यंदा बी घेण्याआधी गेल्या वर्षीचा रोग ओळखा. एका भाजीचे दोन-तीन वाण लावा. त्यातल्या सगळ्यात धीट झाडाची चार बोंडं बियाण्यासाठी राखा आणि त्यातलं अर्धं बी शेजाऱ्याला द्या.